उतरवलेल्या तारा

जयंतीचा सीझन आला की राजानंदची झोप उडायची ती मे संपेपर्यंत. दिवसा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटरचं काम, संध्याकाळी गायन पार्टीच्या जीपमधून कुठल्या ना कुठल्या गावी, आणि स्टेजवर भीमगीतांना बेस गिटारची साथ. पहाटे घरी येऊन तो अंगावरच्या कपड्यांनिशी आडवा व्हायचा.

यंदा मात्र बेसनेच दगा दिला होता. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला, पहिल्या दोन-तीन फ्रेटवर, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, बोट दाबलं की तार खरखरायची. राजानंदने खालून, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या बाजूने, तारा उचलून पाहिल्या. खरखर थोडी कमी झाली, पण एवढ्या उंच तारा दाबता दाबता बोटं सुजली आणि ठेका चुकायला लागला. शेवटी एका पहाटे परतताना पार्टीप्रमुख मच्छिंद्र अगदी गोड आवाजात म्हणाला, "राजाभाऊ, उद्या पिंपळगावला बेस कीबोर्डवरच घेऊ. तुमची बोटं थकली आता. तुमी या, बसा नुसते."

बसा नुसते! उभा जन्म ज्याने स्टेजवर काढला, त्याला हे ऐकवायचं. वाईट याचं, की राजानंदला राग आला नाही. त्याला ते पटलं.

तरी फिटरची खोड जाते थोडीच? माणसाला दोष देण्याआधी मशीन बघायची. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती; दुपारी घरी पत्र्याखाली घाम पुसत त्याने बेस मांडीवर घेतला. तारा पुन्हा सैल पडल्या होत्या. उन्हाच्या नावाने बोटं मोडत त्याने त्या सुरात आणल्या. मग एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधे वाकून पाहिलं. तिथे कागद सरकेल एवढी फट हवी, पण तार पट्ट्यांना चिकटून बसली होती. मान मागे वाकली होती.

मानेच्या आत लोखंडी सळई असते. ती मान मागे ओढते, तारा पुढे ओढतात, आणि दोघींच्या ओढाताणीत मान नीट राहते. त्याने ॲलन कीने सळई पाव फेरा सैल केली, जरा थांबून आणखी थोडी. उचललेल्या तारा खाली घेतल्या. वाजवून पाहिलं, तर आवाज स्वच्छ, भरीव. बोटं थकली नव्हती, त्यानेच त्यांना हमालीला जुंपलं होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. बेस भिंतीला टेकवून तो तिथेच कलंडला.

जाग आली तेव्हा त्याचे वडील, वसंता आबा, बेस मांडीवर घेऊन खुंट्या पिळत होते. तारा लोंबत होत्या.

"आबा, काय करून राह्यले?"

"तारा उतरवून राह्यलो. तू तर आल्याआल्या झोपतू. ढोलकीच्या कड्या उतरवून दोरी ढिली केली न्हाई तं चामड्याचं पान फाटतं. याला बी आराम पायजे का न्हाई?"

"हे कवापासून?"

"हात थरथरून ढोलकी सुटली तवापासून. म्हणलं, एवढं तरी करावं."

राजानंदच्या तोंडापर्यंत शिवी आली होती. पण त्याची नजर आबांच्या हाताकडे गेली. चहाचा कप धरवत नाही असा हात, खुंटीवर मात्र थरथरत नव्हता. त्याने शिवी गिळली, बेस घेतला आणि तारा पुन्हा ताणल्या.

"आबा, याचं उलटं असतंय. तारा सैल केल्या की आतली सळई मान मागं ओढती. याच्या तारा कायम ताणलेल्याच ठेवायच्या."

"कायम?"

"कायम."

"मंग याला आराम कवा?"

"याला न्हाई आराम."

आबांचा रिकामा हात मांडीवर पुन्हा थरथरायला लागला. म्हाताऱ्याचं शेवटचं काम आपण काढून घेतलं, हे राजानंदला लागलं. त्याने मच्छिंद्रला फोन लावला. "उद्या कीबोर्डवर बेस घेऊ नको. मी येऊन राह्यलो."

फोन ठेवला तसा आबांनी त्याचा डावा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला. बोटांची टोकं दगडासारखी झाली होती.

"त्याला नसंल आराम," आबा म्हणाले. "तू त्याच्यावानी ऱ्हाऊ नको."

आणि ते एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत गेले. त्यांचा हात आता थरथरत नव्हता. राजानंदने डोकं भिंतीला टेकवलं आणि हात तसाच त्यांच्याकडे राहू दिला.