एकशेसत्तावीस दात

मी एक जुने लोखंडी चाक आहे, मित्रांनो, धातू फिरवून कापणाऱ्या लेथ नावाच्या यंत्राचे. मला एकशेसत्तावीस दात आहेत. दोनाने भागून पाहा, तिनाने, पाचाने, साताने, अकराने. दरवेळी काहीतरी उरतेच. पुढे जायची गरज नाही, कारण तेराचा वर्गच माझ्याहून मोठा आहे. मी मूळ संख्या आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मला एका तरुण कारागिराने घडवले. त्याचा लेथ इंचांच्या मापाने स्क्रूचे आटे पाडायचा आणि गिऱ्हाइकांना ते मिलिमीटरमध्ये हवे असायचे. पाच इंच म्हणजे बरोबर एकशेसत्तावीस मिलिमीटर, म्हणून मी हवे होते. पण चकतीचे सारखे भाग पाडायच्या साधनावर साठ जमत, एकशेवीस जमत, मी काही केल्या जमेना. कारखान्याचा मालक म्हणाला, एक दात कमी कर, कोण मोजायला बसलंय? पठ्ठ्याने ऐकले नाही. कागदाच्या पट्टीवर सारख्या अंतराने एकशेसत्तावीस खुणा केल्या, ती मोठ्या लाकडी चाकाभोवती गुंडाळली आणि पट्टीची टोके जुळेपर्यंत लाकूड तासले. त्या खुणांवरून दात कापले. तीन चकत्या वाया गेल्या, कारण शेवटचा दात अर्धाच उरे. चौथी चकती मी.

मग चाळीस वर्षे राबले. माझा दात शेजारच्या चाकाच्या एका दाताला भेटला, की बाकी सगळ्यांना भेटल्याशिवाय पुन्हा त्याच्याकडे येत नाही. त्यामुळे झीज सगळ्यांत सारखी वाटली गेली. पुढे नवे यंत्र आले आणि कारागिराच्या मुलीने मला चहाच्या किटलीखाली ठेवले. मला फार वाईट वाटले.

गेल्या वर्षी कारागीर आजारी पडला. आडवे झाले की त्याचा जीव घुसमटे. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलणारा मिलिमीटरच्या मापाचा स्क्रू झिजला होता आणि नेमके नवे यंत्र बंद पडलेले. मुलीने जुना लेथ सुरू केला. माझ्याऐवजी त्रेसष्ट दातांचे चाक लावले; ते दोनदा फिरले की एकशेसव्वीस. एकाने काय बिघडते, असे तिला वाटले. तिने बनवलेला स्क्रू नटात सहा फेरे गेला आणि गच्च अडकला. ती रडवेली होऊन बापाकडे आली.

"एकशेसत्तावीसचं कुठाय?" त्याने धापा टाकत विचारले.

"किटलीखाली."

"मग किटली उचल."

तिने तारेच्या ब्रशने माझ्या दातांतला चहा खरवडला, तेल घातले, मला जागेवर बसवले. मी निश्चय केला होता, आज अडखळायचे नाही. नवा स्क्रू नुसत्या बोटांनी नटातून आरपार गेला. पलंग वर आला. कारागिराने पाठ टेकून पोटभर श्वास घेतला.

"दात मोजलेस?"

"मोजले, बाबा. सगळे आहेत."

थोड्याच वेळात तो घोरू लागला.

आता मी लेथशेजारच्या खिळ्यावर असते आणि किटली त्रेसष्ट दातांच्या चाकावर. मित्रांनो, जे कशानेच भागले जात नाही, ते अडगळीत टाकू नका. त्याला तेल द्या, हाताशी ठेवा. आणि आपल्या सोयीसाठी त्याचा एक दात कमी करू नका.