बाप्पासाठी बाजूला झालेला ड्रम

ठण्ण! तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात वाटी पडली आणि दुपारची शांतता मोडली. खिडकीखाली मी रिकामाच उभा होतो. माझ्याही पोटात तो आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला.

मित्रांनो, मी एक जुना डांबराचा ड्रम आहे. माझा फार गोंधळ झालाय, म्हणून तुम्हाला सांगायला घेतलंय.

कारखान्यात माझा जन्म झाला. पोटात डांबर भरून मी अंधेरीला आलो, तो आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायला. डांबर संपलं, कामगार गेले, मी कडेला पडून राहिलो. रस्ता मात्र झकास झाला. इतका, की कारखान्यांकडे जाणाऱ्या टेम्पोंना आमची मधली वाट सापडली. ते असे सुसाट जायचे, की एकदा राधाचं दप्तरच चाकाखाली आलं. राधा म्हणजे या खिडकीतल्या नलिनीची लेक, पहिलीतली. दप्तर चपटं झालं. राधा वाचली.

त्याच संध्याकाळी नलिनीने पदर खोचला. "चला गं, कोणाची वाट बघताय?" बायकांनी मला आणि माझ्या जोडीदाराला गडगडत आणलं, समोरासमोर उभं केलं, पोटात दगडविटा भरल्या. आता आमच्या मधून टेम्पो जाई, पण गोगलगायीसारखा. मला काही उमजेना! रस्ता रुंद करायला आलेला मी, आता तोच अरुंद करायचा? ड्रायव्हर शिव्या देत. मुलं माझ्यावर डोकं टेकून लपाछपीचं राज्य घेत. नलिनी राधाला समोरच्या दूध केंद्रावर एकटीला पाठवू लागली. मग मी चांगला की वाईट?

तेवढ्यात गणपती आले. यंदा मूर्ती मोठी. हातगाडी काही आमच्या मधून जाईना.

मंडळाचे भाऊराव घाम पुसत म्हणाले, "वहिनी, बाप्पा अडकलाय बघा! विसर्जन झालं की ड्रम जागच्या जागी."

"ठेवा म्हणजे झालं," नलिनी म्हणाली, आणि पहिली वीट तिनेच काढली. बाप्पाला कोण अडवणार?

विसर्जन झालं. आमच्या दगडविटा मंडपाच्या खड्ड्यांत गेल्या होत्या. जोडीदाराची कचराकुंडी झाली, मला या खिडकीखाली लोटलं.

"भाऊराव, ड्रमचं काय?"

"अहो, नवरात्रात देवी येईल ना! दोन-दोनदा कशाला उचलायचे?"

देवी आली, गेली.

"आता दत्ताची पालखी, वहिनी. तेवढी होऊ दे."

भाऊराव खोटं बोलत नाहीत हो. सणच संपत नाहीत, त्याला ते बिचारे काय करणार? टेम्पोंना मात्र कसला सण नि कसला वार. राधा आता रस्त्यावर उतरत नाही. नलिनी उतरूच देत नाही.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. देवाला वाट जरूर द्या. फक्त देव पुढे गेला, की मला माझ्या जागी ठेवा. एवढंच.

आज राधा ती पडलेली वाटी उचलून खिडकीशी आली. बाहेरून टेम्पो सणकन गेला, गज थरथरले. नलिनीने तिला मागे ओढलं.

"आई," राधा म्हणाली, "बाप्पाला यायला रस्ता मोठा केला ना? मग मला जायला परत छोटा कधी करायचा?"

नलिनीने तिच्या हातातली वाटी घेतली आणि पदराने पुसू लागली. पुसतच राहिली.