वेफर कुठे तुटतो

ब्राह्मणपुरीत जसोदाबाईंच्या अंगणात बचत गटाच्या बाया केळीचे वेफर तळत होत्या, आणि त्यांची सून प्रतिभा भिंतीवर खडूने रेघोट्या मारत होती.

"काय करी ऱ्हायनी व तू?" जसोदाबाईंनी झारा रोखला. "भित परवाच रंगाडेल शे!"

"वेफर कोठे तुटस ते दखी ऱ्हायनी, आत्याबाई."

शहाद्याचा दुकानदार जगदीश चारला येणार होता. शंभरात पाचापेक्षा जास्त तुकडे निघाले, तर वर्षभराची मागणी कारखान्याच्या वेफरला जाणार आणि गटाची कढई पालथी पडणार. मागच्या खेपेला बावीस निघाले होते.

पहिल्या शंभर वेफरमधल्या तुकड्यांच्या रेघा मोजल्या. कढईतून काढताना एक तुकडा. टोपलीत ओतताना चार. मिठासाठी घमेल्यात सात. अंगण ओलांडून पुढच्या खोलीत, पिशव्या भरायच्या टेबलावर दहा!

"पण पिशव्या एवढ्या लांब का भरतो आपण?" प्रतिभाने विचारलं.

गटातली कौसाबाई फिस्सकन हसली. "तुन्ही मयूरीनी झोयी तठे शे ना व, बय!"

खरंच की! सात महिन्यांच्या मयूरीला डोळ्यांपुढे ठेवून प्रतिभा पिशव्या भरायची, म्हणून अख्खा गट वेफर नाचवत तिच्यापर्यंत न्यायचा. लाजावं की हसावं तिला कळेना. मग झोळीची मिरवणूकच निघाली. पुढे झारा उगारून जसोदाबाई, मागे टेबल डोक्यावर घेतलेली रुखमाबाई. धूर जात नाही अशा बाजूला, पडवीत झोळी टांगली. चुलीशेजारी टेबल. आता झाऱ्यातून थेट परातीत, तिथेच मीठ, तिथूनच पिशवीत.

मीठ बघायच्या नावाखाली दर घाण्याला पाचही जणी वेफर तोंडात टाकायच्या, तेही बंद. एकट्या जसोदाबाई चाखणार. नवव्या घाण्याला त्या म्हणाल्या, "मन्ही जीभ बहिरी व्हयी गयी व!" मग प्रत्येक घाण्याला एकीची पाळी लागली.

चारला जगदीश आला. थाळीत पिशव्या ओतायला लागला.

"हळू वत रे भाऊ, शेण शे का ते?" जसोदाबाई ओरडल्या.

त्याने शंभर वेफर वेगळे केले, एकेक उचलून बघितला.

"चार तुकडे."

असा गलका उठला, की मयूरी दचकून जागी झाली आणि सगळ्यांचे चेहरे बघून खिदळायलाच लागली. तिला कडेवर घेऊन प्रतिभा गरगर फिरली.

"आठवड्याला किती किलो जमेल, वहिनी?"

प्रतिभाला तीस म्हणायचं होतं. हसता हसता निघालं, "पन्नास!"

जसोदाबाईंनी डोळे वटारले. "पन्नास काय व? साठ सांग!"