व्हिसाला दोनदा गेलेली निळी फाईल

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे. पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची. बंगळूरच्या शिवाजीनगरात एका बाईंडरने मला खळ लावून चिकटवले आणि १९९४ च्या मे महिन्यात अप्पासाहेबांनी मला घरी आणले. ते मूळचे निपाणीचे, यशवंतपूरच्या कारखान्यात फोरमन. त्यांच्या मुलीला, पवित्राला, अमेरिकेत सांडपाणी शुद्ध करण्याच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. तिच्या व्हिसाचे कागद सांभाळणे हे माझे काम.

तेव्हा माझी मिजास काय सांगू! माझ्यात गुणपत्रिका आल्या, वक्तृत्वाचे प्रमाणपत्र आले आणि सगळ्यात वर आले अमेरिकेतल्या कृष्णातकाकांचे पत्र. काका म्हणजे अप्पासाहेबांचे धाकटे भाऊ. 'मुलीला पाठवा, शिक्षण झाले की इथेच नोकरीला लावतो,' असे त्यांनी मुद्दाम इंग्रजीत लिहिले होते. आपल्याकडे परगावी जायचे तर तिथे आपले माणूस आहे, हे आधी सांगतात.

"सख्खा काका आहे म्हटल्यावर नको कोण म्हणेल?" अप्पासाहेब म्हणाले. मलाही ते पटले.

मद्रासच्या वकिलातीत साहेबाने नेमके तेवढेच पत्र वाचले. "तुम्ही परत याल असं मला वाटत नाही," तो म्हणाला. व्हिसा नाकारला गेला. परतीच्या गाडीत पवित्रा मला छातीशी धरून बसली होती. मला फार लाज वाटली. घात माझ्याच पोटातल्या कागदाने केला होता.

कॉलेजने जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवली. पुन्हा अर्ज करायचा ठरला, पण घरात कुणाला नीट जेवण जाईना.

"या खेपेला काका नाहीच म्हणून सांग," अप्पासाहेब म्हणाले. "स्वल्प खोटं चालतंय."

"नाही अप्पा. मी खोटं बोलणार नाही."

"सरी, ठीक आहे, तुझं तू बघ," म्हणून ते रागाने उठून गेले.

पवित्राने मला जमिनीवर रिकामे केले. प्रमाणपत्र गेले, काकांचे पत्र गेले. राहिल्या गुणपत्रिका. त्यांच्यावर तिने बंगळूरच्याच बेळ्ळंदूर तळ्यातल्या घाण पाण्याचा स्वतः केलेला अभ्यास ठेवला. परत आल्यावर तळ्याचे काम तिलाच देऊ, असे तिच्या प्राध्यापकांचे पत्रही ठेवले. मी अगदी सडपातळ झाले.

नोव्हेंबरात पुन्हा तीच खिडकी, साहेब दुसरा.

"तिथे नातेवाईक आहेत?"

"काका आहेत. ते राहा म्हणतात. पण माझं तळं इथं आहे. दोन वर्षांनी मी परत येणार."

साहेबाने तळ्याचे कागद चाळले, तिच्याकडे पाहिले आणि व्हिसा दिला. बाहेर उभे असलेले अप्पासाहेब रस्त्यातच रडले.

आता १९९८ साल चालू आहे. मी कपाटात असते. गेल्या महिन्यात पवित्राचे पत्र आले: 'अप्पा, काकांनी नोकरी लावली आहे. आणखी वर्षभर बघते.' मागच्या वर्षीही तिने हेच लिहिले होते. अप्पासाहेबांनी ते पत्र दोनदा वाचले आणि माझ्यात सगळ्यात वर ठेवले.

"तिथं कशाला?" अनुसूयाबाईंनी, पवित्राच्या आईने विचारले.

"कृष्णातच्या पत्राची जागा तीच होती," ते म्हणाले आणि त्यांनी माझी नाडी बांधली.

मित्रांनो, माझे कोपरे झिजलेत, कपाटात वाळवीही लागली आहे. जमले तर मला जपा. तळ्याचे कागद अजून माझ्यापाशीच आहेत, आणि ते मला पवित्राच्याच हातात द्यायचे आहेत.