बाईंच्या पुस्तकाची ठवणी

मित्रांनो, टेबलावर पुस्तक उघडे धरून ठेवणारी लाकडी ठवणी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. मी तशीच एक, एकतीस वर्षांची. माझ्या डाव्या पायावर चहाचा डाग आहे. तो बाईंनी पाडला आणि सुतारांच्या नावावर खपवला.

सुतार म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनीच मला दाराच्या उरलेल्या सागवानातून बनवले. बाई अंध वाचकांसाठी पुस्तके मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या. पुस्तक हातात धरले की पाने सळसळत आणि ते रेकॉर्डमध्ये ऐकू येई. म्हणून माझा जन्म. लोखंडी बिजागरी करकरेल म्हणून सुतारांनी मला लाकडाचीच खुंटी बसवली, कडेला जुन्या कोटाचे लोकरी कापड चिकटवले आणि मला बाईंपुढे ठेवले.

"घे. ही तोंडातून शब्द काढणार नाही."

"म्हणजे तुमच्यावर गेली," बाई म्हणाल्या.

रोज दुपारी जेवणानंतर दोघे माझ्यासमोर बसत. बाईंची खुर्ची माझ्या पुढ्यात, सुतारांची पलीकडे. बाईंची वाचायची एक पद्धत होती. प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असते, असे त्या मानत. प्रश्न कळला की आवाजाचा जोर कुठे द्यायचा ते कळते. प्रश्न विचारायचे काम सुतारांकडे होते.

"खिडकी सुताराने काल बसवली. हं, विचारा."

"कधी बसवली?"

बाई तेच वाक्य पुन्हा म्हणत. आता त्यांचा आवाज 'काल' या शब्दावर चढे आणि बाकीचे शब्द हलके होऊन जात.

"कोणी बसवली?"

मग बाई शब्दांच्या जागाच बदलत. "काल खिडकी सुताराने बसवली." आता सुतार सरकून 'बसवली'च्या अगदी शेजारी आलेला असे, आणि सगळा जोर त्याच्यावर.

"हे बरं वाटतं ऐकायला. परत म्हण."

"पुरे झालं कौतुक," बाई म्हणत आणि हसत.

पुस्तकातले शब्द मात्र लेखकाने बसवलेले. ते हलवता येत नसत. तिथे सारे आवाजानेच करावे लागे. ऐकणाऱ्याला जे आधीच माहीत आहे ते हलके म्हणायचे, जे नवीन आहे ते ठसवायचे. अशा शब्दाखाली बाई पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवत. एकदा सुतारांनी हौसेने, प्रत्येक शब्द ठसवत अर्धे पान वाचले, तेव्हा बाईंनी कानांवर हात ठेवले.

"अहो, सगळेच स्क्रू आवळलेत! दार हलणार कसं?"

ग्रंथालयात एक आजी होत्या. त्या स्वतः अंध. प्रत्येक पुस्तक आधी त्या ऐकत आणि पसंत पडले तरच पुढे पाठवत. बाईंना त्यांनी एकदा निरोप धाडला, "तुमच्या पुस्तकावर सूचना लिहा, ऐकताना गॅस बंद ठेवावा. माझी भाजी करपली." बाईंनी तो निरोप सुतारांना तीनदा ऐकवला.

मग बाई आजारी पडल्या. दीपगृहावरची एक कादंबरी चालू होती. वीस प्रकरणांपैकी एकोणीस वाचून झाली आणि बाई गेल्या.

सुतारांनी माझी घडी केली आणि मला कपाटामागे ठेवले. चार महिने मी तिथे होते. अंगावर धूळ बसली, कापडाला कसर लागली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी स्वतःलाही तसेच ठेवले होते.

एक दिवस ग्रंथालयातल्या ताई ती कादंबरी परत न्यायला आल्या.

"आमच्याकडे एक पुस्तक एकाच आवाजात असतं, काका. आता दुसरं कोणीतरी ते पहिल्यापासून वाचेल."

"आणि हिची एकोणीस प्रकरणं?"

ताई खाली बघत म्हणाल्या, "ती काढून टाकावी लागतात."

"उरलेलं मी वाचतो."

"तुम्ही?"

"मी."

ताईंनी पुस्तक परत त्यांच्या हातात दिले. "वाचा. आजींना पसंत पडलं तर दोन आवाजांत ठेवू."

त्याच दुपारी सुतारांनी मला बाहेर काढले, कोरड्या फडक्याने पुसले, नवे कापड लावले आणि ते बाईंच्या खुर्चीत बसले. विसाव्या प्रकरणातही बाईंच्या रेघा होत्या. आयुष्यभर रेघेवर करवत चालवलेला माणूस. रेघ दिसली की त्यांची चूक होत नव्हती.

शेवटच्या पानावर रेघा नव्हत्या. बाईंचा हात तिथवर पोहोचलाच नव्हता.

सुतार अडले. वादळात दीपगृहाचा रखवालदार गेलेला, किनाऱ्यावरचे लोक अंधारात बघत उभे, आणि पुढे वाक्य: "त्या संध्याकाळी दिवा मुलीने लावला." त्यांनी ते मनातल्या मनात तीनदा म्हणून पाहिले. मग ते उठले, पलीकडच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मोठ्याने म्हणाले, "दिवा कोणी लावला?"

पुन्हा उठून बाईंच्या खुर्चीत आले आणि वाक्य वाचले. जोर बरोबर पडला. अख्खे पान त्यांनी असेच वाचले, ऊठबस करत. रेकॉर्डिंग चालूच होते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

तीन दिवसांनी फोन वाजला. सुतारांनी तो स्पीकरवर टाकून माझ्यावर टेकवला.

"मी ग्रंथालयातली आजी बोलतेय. तुमचा आवाज रंध्यासारखा आहे हो, खरखरीत."

"हो."

"शेवटच्या पानात तुमचे प्रश्नही आलेत. खुर्च्या सरकल्याचंही ऐकू येतंय."

सुतारांचे कान लाल झाले. "चुकलं माझं. कापून टाका."

"ताई तेच म्हणत होती. मी हात लावू दिला नाही. अहो, दिवा कोणी लावला, हे मी इथे बसून विचारत होते, तेवढ्यात तुम्ही विचारलंत. पुस्तक ठेवतोय आम्ही. दोघांच्या आवाजात."

सुतारांनी पलीकडची खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाच्या वस्तूला ओले फडके लावू नका आणि तिला कपाटामागे टाकून विसरू नका. आणि घरात कोणी काही सांगत असेल तर नुसते हं हं करू नका. त्याला विचारा, कोणी? कधी? मग काय झालं? विचारणारे कोणी असले, की सांगणाऱ्याला नेमका शब्द सापडतो.

आता आमच्याकडे नवे पुस्तक चालू आहे. परवा वाचता वाचता चहा कलंडला आणि माझ्या उजव्या पायावरही डाग पडला. सुतार पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

"चहा कोणी सांडला?"

मग इकडे आले, घसा साफ केला आणि बाईंच्या जुन्या खोडीची परतफेड करत, जोर अगदी जिथल्या तिथे देऊन म्हणाले, "चहा हिने सांडला."