कमरेवरचे हात

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाला तशी अलाबामातल्या त्या कॉलेजच्या प्रेक्षकांनी ‘चौथा क्वार्टर आपलाच’ म्हणत चार बोटं वर केली. वेंडेलचा मुलगा ट्रूइट आघाडीच्या फळीत खेळत होता. त्याला दुसऱ्या कॉलेजात हलवायचं का, हे वेंडेलला आजच ठरवायचं होतं.

“हलवा त्याला, दाजी,” मेहुणा ओडेल म्हणाला. “इथला व्यायामाचा कोच वर्षभर नुसतं लोखंड उचलायला लावतो. तेवढ्यानं जिंकता आलं असतं, तर हमालांनी करंडक आणले असते.”

“बोलू नकोस. समोरच्यांचे हात बघ.”

समोरची फळी कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. ट्रूइट ताठ उभा होता.

“अहो, सात गुणांनी मागे आहोत आपण.”

“माहीत आहे,” वेंडेल म्हणाला. “पोरगं इथंच राहील.”