पंपवाल्या काकांवर लावलेला दोष

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. माझी शिवण उसवली आहे आणि शेवटची चाळीस पानं गळून गेली आहेत. मला बांधणारा कारागीर मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "हा जाईल तिथे मान मिळवेल." मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आलो. पत्र लिहिताना साहेब अडले की माझी आठवण व्हायची. टंकलेखिका बाई मला रोज फडक्याने पुसायच्या.

एके वर्षी गावच्या एका भागात नळाला दूषित पाणी गेलं. घरोघरी माणसं आजारी पडली, दोन मुलं दगावली. फुटकी झडप बदला, असं पंपवाल्या काकांनी तीनदा लेखी कळवलं होतं. ते तिन्ही अर्ज बाईंनीच साहेबांच्या टेबलावर ठेवले होते. आता ते सापडेनात. साहेबांनी काकांवरच ठपका ठेवणारा मजकूर सांगितला, बाईंनी तो टंकित केला आणि ते पत्र काकांच्या हाती पडलं.

काका ते घेऊन बाईंकडेच आले.

"बाई, हे 'दोषारोप' म्हणजे काय हो?"

बाईंनी मला उघडलं. "दोष म्हणजे चूक. आरोप म्हणजे वर ठेवणं, लावणं. वृक्षारोपण म्हणतो ना आपण? त्यातलाच शब्द."

"म्हणजे चूक माझी नव्हतीच. आणून लावली."

काकांनी पत्राची घडी घातली.

"मग ती उपटायची कशी, तेही बघा की."

'दोषमुक्त' हा शब्द त्याच पानावर, थोडा वर होता. बाईंचं बोट त्यावर थांबलं. त्यांनी साहेबांच्या दाराकडे पाहिलं आणि मला मिटलं.

"तसं काही नाही यात, काका."

चौकशीतही बाई गप्प राहिल्या. काकांची नोकरी गेली. दगावलेली मुलं त्यांच्याच गल्लीतली. तिथे कुणी त्यांच्याकडे बघेना. वर्षभरात काका गेले.

एक दाखला न्यायला त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या, तेव्हा बाईंनी रडत सगळं सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "यांना माहीत होतं. म्हणायचे, बाईंच्या एकटीवर घर आहे, त्या नाही बोलायच्या."

पुढे संगणक आला आणि माझी रवानगी गंजक्या पाइपांच्या खोलीत झाली. मित्रांनो, मला वाळवी लागली आहे, पण त्याचं दुःख नाही. तुमच्यासमोर कुणावर असा दोष लावला जात असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच वेळी बोला. बाई बोलल्या तेव्हा ऐकायला काका नव्हते.